चार चौतीस ते चार एक्केचाळीस

शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४
मुलुंड (पूर्व)

काल तेरावा झाला. दहा तारखेनंतर आज प्रथमच वही उघडतो आहे. मधली तेरा पाने कोरी आहेत आणि ती तशीच राहतील. एकतीस वर्षांत एवढा खंड कधी पडला नव्हता.

सौ. गेली. रविवार, ११ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, विमानतळाजवळच्या रुग्णालयात. वय बावन्न. हृदयविकाराचा तीव्र झटका. हे मी गेल्या पंधरवड्यात इतक्यांना सांगितले आहे की आता ते कोणा तिसऱ्याच माणसाविषयी असल्यासारखे वाटते. या वहीत मी तिला नेहमी ‘सौ.’ असेच लिहीत आलो. ते बदलणार नाही.

क्रमाने लिहितो.

लेकीकडे, समीक्षाकडे, हैदराबादला आठ दिवस राहून आम्ही परतत होतो. सौ.ने त्यापूर्वी कधी विमान आतून पाहिले नव्हते. निघण्याआधी मी तिला सर्व नियम समजावून दिले होते : पट्टा, पट्ट्याचा दिवा, खिडकीची झडप, डोक्यावरची बोलावण्याची घंटी. तरीही जाताना तिने पाण्यासाठी घंटी दाबलीच, आणि तीही दोनदा. मला फार संकोच वाटला. मी म्हणालो, “ही काय दाराची बेल आहे? ही आणीबाणीसाठी असते.” ती म्हणाली, “घसा सुकला ही आणीबाणीच हो,” आणि खिडकीला नाक लावून बसली. पुढच्या वेळी आधी मला विचार, असे मी तिला बजावले.

परतताना आमची तिसरी रांग होती. सौ. खिडकीशी, मी मध्ये आणि कडेला एक तरुण गुजराती गृहस्थ. मुंबईवर विमानांची गर्दी असल्याने उतरण्यास वेळ लागेल, काही फेऱ्या घ्याव्या लागतील, असे कप्तानाने सांगितले. पट्ट्याचा दिवा लागला. कर्मचारी आपापल्या जागी बसले. समोर दाराजवळच्या घडीच्या आसनावर एक मुलगी आमच्याकडे तोंड करून बसली होती. सौ.ला छातीत जळजळू लागले. सकाळी समीक्षाने मिरचीची भजी केली होती, त्यामुळे मला ते पित्त वाटले. मग सौ.ची मान खिडकीकडे कलली आणि पुन्हा सरळ झाली नाही. शेजारच्या गृहस्थांनी घंटी दाबली.

ती मुलगी आली, तिने मान आणि नाडी पाहिली आणि धावत जाऊन कप्तानाशी फोनवर बोलली. विमानात कोणी डॉक्टर आहे का, असे दोनदा विचारण्यात आले. कोणी नव्हते. आम्ही तिघांनी सौ.ला उचलून मधल्या वाटेत निजवले. ती मुलगी गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबत राहिली आणि मोठ्याने आकडे मोजत राहिली. चाके टेकली तेव्हा ती पुढे फेकली गेली, तिचा खांदा आसनाच्या लोखंडावर आपटला. ती रांगत परत आली आणि तिने आकडे पुन्हा एकपासून सुरू केले.

सौ.ला खाली निजवेपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. तोपर्यंत मी तो सोडला नाही.


सोमवार, २६ फेब्रुवारी

कार्यालयात रुजू झालो. सर्वजण हळू बोलत होते.

मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात एकोणतीस वर्षे आहे. जहाजावरचा माल भिजला, फुटला, हरवला की संबंधितांची निवेदने माझ्या टेबलावर येतात. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो : निवेदनात काय लिहिले आहे ते नंतर वाचा, काय लिहायला हवे होते आणि लिहिले नाही ते आधी शोधा. मग तीन रकान्यांचा घटनाक्रम करा. वेळ, घटना, आधार. ज्या घटनेला आधार नाही ती घडली नाही असे समजा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तसाच घटनाक्रम केला. मला घड्याळ पाहण्याची सवय आहे, त्यामुळे वेळांबाबत शंका नाही.

४.२६ फेऱ्या घ्याव्या लागतील अशी घोषणा.
४.३१ पट्ट्याचा दिवा. कर्मचारी आसनस्थ.
४.३४ सौ.ची पहिली तक्रार (छातीत जळजळ, जबडा आवळल्यासारखा).
४.४१ घंटी. (शेजारील प्रवासी.)
४.४२ कर्मचारी आली.
४.४३ कप्तानास कळवले.
४.५२ विमान उतरले.

रुग्णालयातील डॉक्टरांचे शब्द मी त्याच दिवशी तिथल्या पावतीमागे लिहून ठेवले होते : “सात-आठ मिनिटं आधी हातात मिळाल्या असत्या तर काहीतरी करता आलं असतं.” ४.३४ ते ४.४१ हा काळ बरोबर सात मिनिटांचा आहे. या सात मिनिटांचा जाब कोणीतरी दिला पाहिजे.

विमान कंपनीस तक्रार पाठवली. त्यातील मुख्य परिच्छेद : “माझ्या पत्नीस ४.३४ वाजता त्रास सुरू झाला. आपली कर्मचारी ४.४२ वाजता तिच्यापर्यंत पोहोचली. मधल्या संपूर्ण काळात सदर कर्मचारी तीन रांगांच्या अंतरावर, आमच्याकडे तोंड करून, आसनावर बसून होती.” शिवाय विमान उतरताना सदर महिला कर्मचाऱ्याने पट्टा बांधला नव्हता, हा स्पष्ट नियमभंगही निदर्शनास आणला.

मसुदा तीनदा तपासला. प्रत्येक वाक्य खरे आहे.


गुरुवार, २९ फेब्रुवारी

समीक्षा आज सकाळच्या विमानाने परत गेली. आईची नऊवारी, मोत्यांच्या कुड्या आणि तिखटमिठाचा डबा घेऊन गेली. डबा कशासाठी, असे मी विचारले. म्हणाली, “असू दे हो बाबा. त्याला तिच्या हाताचा वास आहे.”

निघताना ती दारात थांबली. चपला घालता घालता, माझ्याकडे न पाहता बोलली :

“बाबा, एक सांगू? मला झोप लागत नाही. भजी मी केली म्हणून झालं असं वाटतं.”

“डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, आहाराचा संबंध नाही.”

“ते कळतं हो. पण मग मी एकच गोष्ट आठवते. तुम्ही तिचा हात धरून होतात ना? शेवटपर्यंत. आई एकटी नव्हती. तेवढं आठवलं की मग डोळा लागतो.”

मी होय म्हणालो.


मंगळवार, ५ मार्च

विमान कंपनीचे उत्तर आले. तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे, सदर कर्मचारी, कु. अक्षता, हिला चौकशी पूर्ण होईपर्यंत उड्डाणावरून दूर ठेवण्यात आले आहे. चौकशी समिती १९ मार्च रोजी अंधेरीच्या कार्यालयात बसेल. आरोप सिद्ध झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. मी हजर राहू शकतो, साक्षीदार देऊ शकतो.

संध्याकाळी सौ.चे थोरले बंधू धोंडू आले होते. त्यांना पत्र वाचून दाखवले. गिरणी बंद पडल्यापासून कोणत्याही कंपनीवर त्यांचा विश्वास नाही.

“भावजी, आता धरलास तर सोडू नकात. माझी भयण गेली ती. त्या पोरीची नोकरी जाऊकच व्हयी.”

“न्याय व्हावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.”

“न्याय आणि काय! कागदात तुमचो हात कोण धरतलो?” असे म्हणून ते हसले. त्या दिवसानंतर प्रथमच हसले. मग चहा पिता पिता बशीतच पाहत राहिले. “तिका इमानाची केवढी हौस. माका फोन करून सांगल्यान, दादा, ढग वरसून कापसासारके दिसतत. मी म्हटलंय, गो, खिडकी उघडू नको हां.”

अपेक्षित कारवाई सुरू झाली आहे. समाधान वाटायला हवे.


शनिवार, ९ मार्च

घाटकोपरला जाऊन शेजारचे प्रवासी श्री. अल्पेश यांना भेटलो. त्या दिवशी रुग्णवाहिकेत बसताना त्यांनी मला आपले कार्ड दिले होते. पंतनगरला त्यांचे प्लास्टिकच्या डब्यांचे दुकान आहे. वय चौतीस-पस्तीस. माणूस मनमोकळा. मला पाहताच गल्ल्यावरून उठून बाहेर आले.

“काका, बसा ना. मी लिहून देतो, काय पाहिजे ते लिहून देतो. मीच बेल दाबली, टाइम फोनमध्ये बघितला, फोर फॉर्टी-वन. ती मॅडम एका मिनिटात आली, हे पण लिहू ना?”

“जे पाहिले तेवढेच लिहा.”

त्यांनी दुकानाच्या पॅडवर लिहायला घेतले आणि मध्येच थांबले.

“काका, राग नाही ना येणार? तुम्ही आधी आंटींचा हात खाली घेतलात ना, तेव्हाच मी दाबायला पाहिजे होती. मला वाटलं, हजबंड-वाइफचा मॅटर आहे, आपण का मध्ये पडा. तेव्हापासून डोक्यातून जात नाही यार. सॉरी, काका.”

मी त्यांना विचारले की त्या वेळी त्यांच्या हातात मोबाइल होता की नव्हता. होता, म्हणाले. फोनमध्ये साठवलेला क्रिकेटचा सामना पाहत होते. तेव्हा त्यांचे लक्ष विभागलेले होते, हे उघड आहे. शिवाय सौ. खिडकीशी आणि मी मध्ये, म्हणजे त्यांना माझ्या आडूनच पाहावे लागले असणार. हे वाक्य मुद्द्याला धरून नाही, ते वगळावे, असे मी सुचवले. त्यांनी मान डोलावली. निवेदन सहा ओळींचे झाले. सही, दिनांक, मोबाइल क्रमांक.

निघताना त्यांनी एक हवाबंद डबा माझ्या हातात कोंबला. घेऊन काय करणार, घरात आता एकच माणूस, असे म्हणणार होतो. म्हणालो नाही.


मंगळवार, १२ मार्च

सकाळी साडेदहाला दाराची बेल वाजली. सुटीवर होतो. दारात पन्नाशीच्या एक बाई. कोळी पद्धतीने नेसलेले लुगडे, अंबाड्यात अबोलीचा गजरा, कपाळाला घाम. मुलुंडमध्ये पहिल्यांदाच आल्या असाव्यात, कारण हातातल्या कागदावर कुणीतरी रस्त्याचा नकाशा काढून दिला होता.

“रामनाथ तुम्हीच ना? मी अक्षताची आई, मंजुला. वेसाव्याशी आयलंय.”

मी त्यांना सांगितले की चौकशी चालू असताना संबंधितांनी एकमेकांना भेटणे योग्य नव्हे.

“मी काय तुमच्या पाया पडाया नाय आलेली,” त्या म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेरच्या चपलांच्या कपाटावर सरळ बसल्या. “पोरीला ठावं पन नाय मी आलेली. ठावं झालं तर मना घरान नाय घेनार. पानी द्या जरा.”

मी पाणी दिले. त्या तांब्या वर धरून प्यायल्या आणि परत देताना त्यांनी आतल्या भिंतीवरच्या सौ.च्या फोटोकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

“याच व्हय? चांगली हाय बाय. हसरी हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माजी पोर रोज ड्रेस इस्त्री करते आन् कपाटान ठेवते. जेवत नाय. खांद्याला ही एवढी गाठ. दोन्ही गुडघे काले-निले. मी बोलली, अगो, बसून र्‍हायली अस्तीस तर कोन काय बोलला अस्ता? तर मना काय बोलते, ‘आई, मी बसून होते तेच तर चुकलं. काकूंकडं बघत बसून होते.’ दरियावर दिसतं त्या मानसाला वाचवाया जातावच. पन दिसाया तर पायजेल ना? तिला काय दिसलं, ती सांगत नाय. इचारलं का तोंड फिरवते.”

मी म्हणालो, समितीपुढे सर्वांना आपली बाजू मांडण्याची संधी मिळेल.

“मांडा, मांडा. तुमची पन मांडा.” त्या उठल्या. जिन्यात वळून म्हणाल्या, “आन् येक. ती बोलते, काकांनी काकूंचा हात लय घट्ट धरलेला. बोलते, आई, मी असा नवरा नाय बघितला. मंग अशा मानसानं माज्या पोरीचं वाटोलं कशाला करावं, इतकंच इचाराया आलेली.”

त्यांच्या पावलांचा आवाज तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत ऐकू येत होता. लिफ्ट आहे हे मी त्यांना सांगायला हवे होते.


गुरुवार, १४ मार्च

समितीने कागदपत्रांचा संच पाठवला : कप्तानाचा अहवाल आणि कु. अक्षता हिचे लेखी निवेदन.

कप्तानाचा अहवाल अवघा अर्ध्या पानाचा आहे. विमान उतरणाऱ्यांच्या रांगेत सातवे होते. ४.४३ वाजता आतून निरोप मिळाला. त्याच मिनिटाला त्यांनी नियंत्रण कक्षाला आणीबाणी कळवली. पुढची सहाही विमाने बाजूला काढण्यात आली, आमचे विमान सरळ धावपट्टीकडे वळवण्यात आले आणि नवव्या मिनिटाला ते उतरले. दाराशी रुग्णवाहिका उभी होती. ज्या क्षणी सांगितले त्या क्षणापासून कोणीही एक मिनिट वाया घालवले नाही. म्हणजे निरोप सात मिनिटे आधी, ४.३६ ला, गेला असता तर विमान ४.४५ ला खाली आले असते. ही वजाबाकी मी चार वेळा केली.

नंतर मुलीचे निवेदन वाचले. दोन पाने, नेटके, मिनिटागणिक. ४.३१ ला आसनावर बसले. पट्टा बांधला. ४.४१ ला घंटी ऐकली. पट्टा सोडला. येथून पुढे सर्व काही आहे : नाडी, प्राणवायूचे नळकांडे, छाती दाबल्याच्या आवर्तनांची संख्या. आपण उतरताना आसनावर परतलो नाही, हा नियमभंग तिने स्वतःहून मान्य केला आहे. कारण विचारले असता : “थांबले असते तर हात थांबला असता.”

४.३१ आणि ४.४१ यांच्यामध्ये एकही ओळ नाही.

जी मुलगी आमच्याकडे तोंड करून तीन रांगांवर बसली होती, जिच्यापुढे पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते, तिला दहा मिनिटांत काहीच दिसले नाही? स्वतःला वाचविणारा पुरावा माणूस कधी वगळत नाही. एकोणतीस वर्षांत मी असे एकही निवेदन पाहिलेले नाही. “प्रवासी महिलेने घंटीकडे हात नेला, पतीने तो खाली घेतला, म्हणून मला आणीबाणी वाटली नाही.” एवढे एक वाक्य लिहिले असते तर माझी तक्रार त्याच दिवशी निकाली निघाली असती. तिने ते लिहिले नाही. आपली नोकरी पणाला लागली असताना लिहिले नाही. आईलाही सांगितले नाही.

मी हे वाक्य आत्ता, या पानावर, तिच्या वतीने लिहिले. लिहिल्यावर पाहिले.

दिवसभर काही खाल्ले नाही. भूक नव्हती.


शनिवार, १६ मार्च

आता येथे तरी पूर्ण लिहिले पाहिजे.

चार चौतीसला ती म्हणाली, “छातीत कसंतरी होतंय हो.” मी म्हणालो, पित्त आहे, भजी नको म्हटले होते. ती म्हणाली, जबडाही आवळतोय. मी म्हणालो, कानाला दडे बसतात तसे होते, आवंढा गिळ. तिने दोनदा आवंढा गिळला. मला तो दिसला.

चार छत्तीसला तिने हात वर केला. बोट घंटीपर्यंत पोहोचले होते. पण तिने दाबली नाही. बोट तसेच ठेवून माझ्याकडे वळली आणि विचारले,

“वाजवू का हो?”

मी तिला आधी विचारायला सांगितले होते. म्हणून तिने विचारले.

मी म्हणालो, “दिवा लागलाय. आता कोणी उठत नाही. दहा मिनिटांत उतरतोय, काय हसं करून घ्यायचं आहे का?” आणि तिचा हात वरून खाली घेतला. खाली घेऊन माझ्या मांडीवर धरून ठेवला. घट्ट धरला, कारण तिने तो एकदा सोडवण्याचा प्रयत्न केला. थोडासाच. मग केला नाही.

हात धरला होता, हे खरे आहे.


रविवार, १७ मार्च

समीक्षाला समितीच्या कागदातून कळू नये म्हणून सकाळी अकराला फोन केला. कागदावर मुद्दे काढले होते, पण ते पाहिले नाहीत. कालचे पान जसेच्या तसे वाचून दाखवले.

वाचून झाल्यावर फोन तुटला असे वाटून मी हॅलो म्हणालो.

“आहे,” ती म्हणाली. मग विचारले, “तिने ओढला होता हात?”

“होय. एकदा.”

“आणि तुम्ही मला त्या दिवशी हो म्हणालात.”

“होय.”

“मी रोज त्याच्यावर झोपते हो.” हे ती ओरडून म्हणाली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. मागे कुकरची शिट्टी झाली. “ठेवते,” म्हणाली आणि ठेवला.


मंगळवार, १९ मार्च

अंधेरी. समितीत तीन जण, अध्यक्षस्थानी एक प्रौढ बाई. कु. अक्षता गणवेशात नव्हती, साध्या पंजाबी पोशाखात होती. विमानात मला ती उंच वाटली होती. तशी ती नाही. डावा खांदा किंचित उतरलेला ठेवून बसते.

अध्यक्षांनी मला तक्रारीत काही भर घालायची आहे का, असे विचारले. मी म्हणालो, एक नोंद राहून गेली आहे, ती मी लेखी आणली आहे. त्यांनी वाचली. दुसऱ्या सदस्यांकडे दिली.

“हे तुम्हाला आधी आठवलं नव्हतं का?” बाईंनी विचारले. त्यांचा स्वर कठोर नव्हता.

“आठवत होते. लिहिले नव्हते.”

श्री. अल्पेश यांनी जे वाक्य माझ्या सांगण्यावरून गाळले तेही कळवले. तक्रार मागे घेतली. मागे घेण्याचे कारण या रकान्यात मी ‘तक्रार निराधार’ असे लिहिले. उतरताना आसनावर न परतल्याबद्दल तिला समज देण्यात येईल, बाकी काही नाही, पुढच्या सोमवारपासून कामावर घेऊ, असे बाई म्हणाल्या. ती समज द्यावी की देऊ नये, याबद्दल माझे मत विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते.

बाहेर लिफ्टपाशी ती उभी होती. मी क्षमा मागितली. तिने मान खाली घातली.

“तू लिहिले का नाहीस?” मी विचारले. “तू दोन दिवसांत सुटली असतीस.”

“लिहिलं होतं, काका. पहिल्या कागदावर. मग फाडला.” ती बटणाकडे पाहत होती, लिफ्ट अजून सातव्यावर होती. “तुमची तक्रार वाचून एवढा राग आला होता ना मला. म्हटलं, सरळ लिहिते. पण मग वाटलं, हे ते घरी बसून वाचणार. एकटेच.” पुढे म्हणाली, “आणि मीपण बघितलंच होतं ना. मला वाटलं, पहिल्यांदा विमानात बसल्यात, घाबरल्यात, काका धीर देतायत. मला ते इतकं छान वाटलं, काका. मी बघतच बसले.”

लिफ्ट आली. आम्ही दोघेही आत गेलो नाही. ती गेली, तशीच रिकामी.

“तुझ्या आईंना सांग,” मी म्हणालो, “आमच्याकडे लिफ्ट आहे.”

तिला काही कळले नाही. ती हसली मात्र.


गुरुवार, २८ मार्च

धोंडू येत नाहीत. मी त्यांना पत्राने सर्व कळवले होते. उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी समीक्षाचा फोन आला, अकरा दिवसांनी. जेवण काय करता, गोळ्या घेता का, गॅस बंद करता का, असे विचारले. मी सांगितले. तिखटमिठाच्या डब्यातली हळद संपली, पण डबा धुतलेला नाही, असे ती म्हणाली. संभाषण एक मिनिट चाळीस सेकंद चालले. त्यात ती एकदाही ‘बाबा’ म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, “रविवारी करते.”

नंतर २६ फेब्रुवारीचे पान काढले. ४.३४ आणि ४.४१ यांच्या ओळींमध्ये जागा नव्हती, म्हणून समासात, बारीक अक्षरांत, शाईने भर घातली :

४.३६ रत्नप्रभाने विचारले, “वाजवू का हो?” मी नाही म्हणालो. आधार : स्वतः.